मेडिसिन वॉर्डातील इन्फ्युजन पंप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डात आठ महिन्यांपूर्वी दोन इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाईन ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणारी यंत्रे, आली. तेव्हापासून पोटॅशियम आणि ३ टक्के सलाईन (नेहमीपेक्षा जास्त मिठाचे) ही दोन्ही आम्ही शक्यतो पंपावरच लावतो. पंप घ्यावा का, असे इतर वॉर्डांतील सिस्टर विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्यूलमध्ये (औषधाच्या छोट्या कुपीत) २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते शिरेत थेट टोचले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून ते नेहमी पातळ करून आणि सावकाश द्यावे लागते. ५०० मिली सलाईनमध्ये एक अँप्यूल घालून ते चार तासांत द्यायचे, तर साध्या सेटवर (सलाईनच्या नळीवर) मिनिटाला सुमारे ४२ थेंब मोजावे लागत. थेंब जुळवून पुढच्या खाटेपर्यंत जावे, तोवर रुग्णाने हात दुमडलेला असे आणि सलाईन थांबलेले असे किंवा भलत्याच वेगाने सुटलेले असे. पंपावर ताशी १२५ मिली हा आकडा भरला की ही धास्ती राहत नाही, आणि रात्रपाळीला दोघीजणींनी ३० रुग्ण सांभाळताना याचे मोल फार मोठे आहे. मात्र औषध घातल्यावर बाटली चांगली खालीवर करून मिसळणे हे आपलेच काम आहे. लटकत्या बाटलीत अँप्यूल सोडली तर जड पोटॅशियम तळाशी साचते आणि पंप तेच आधी शिरेत ढकलतो.

सर्वांत मोठी उणीव माझ्या पाळीतच ध्यानात आली. एका काकांचा हात इंट्राकॅथच्या (शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या) वर टम्म सुजला होता, कातडी गार आणि ताणलेली होती, तरी पंप बिनतक्रार चालू होता. नळी मुडपली किंवा तिच्यात हवा आली तर पंप ओरडतो, पण सलाईन शिरेबाहेर मांसात जात असेल तर तेवढ्या दाबाने तो ओरडेलच असे नाही. त्या दिवसापासून मी दर तासाला पट्टीभोवतीची जागा बोटांनी चाचपून पाहते.

दुसरा प्रसंग एका आजींचा. रक्तदाबाच्या थायझाइड गोळीमुळे आणि उलट्यांमुळे त्यांच्या रक्तातील सोडियम फार घटून ११२ वर आले होते, म्हणून पंपावर ३ टक्के सलाईन लावले होते. ते २४ तासांत ८ ते १० पेक्षा अधिक वाढू द्यायचे नसते, कारण फार वेगाने वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पंप ताशी २० मिलीवर अगदी चोख चालला होता. साध्या सेटवर एवढा संथ वेग टिकवणे जवळजवळ अशक्यच. पण पहाटे युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करताना तासाभराची लघवी ४० मिलीवरून २०० च्या वर गेलेली आणि पाण्यासारखी फिकी दिसली. शरीर स्वतःच पाणी बाहेर टाकू लागले होते, म्हणजे सलाईनचा वेग तोच असूनही सोडियम झपाट्याने चढणार होते. डॉक्टरांना लगेच बोलावले. रक्त तपासले, तर नऊ तासांतच ते ११९ झाले होते. ३ टक्के सलाईन तिथेच थांबवले आणि पुढची पडझड टळली. ही नोंद पंपाच्या पडद्यावर नव्हती. ती आमच्या इनटेक-आउटपुट तक्त्यावर, म्हणजे शरीरात किती पाणी गेले आणि किती बाहेर आले या नोंदीत, होती.

बाकी तक्रारी लहान आहेत. बॅटरी सुरुवातीला चार तास टिकायची, आता दीड तासात संपते, त्यामुळे सिटी स्कॅनला रुग्ण नेताना जीव टांगणीला लागतो. पंपाचे ठरलेले सेट संपले म्हणून एकदा स्वस्त सेट जोडला, तेव्हा चार तासांनी बाटलीत ६० मिली सलाईन उरले आणि पडद्यावर मात्र पूर्ण गेल्याचा आकडा होता. तसे पुन्हा कधीही करणार नाही.

इन्चार्ज सिस्टरांकडे मी आणखी दोन पंपांची लेखी मागणी दिली आहे. तिच्यात ठरलेल्या सेटचा तीन महिन्यांचा साठा, नव्या बॅटऱ्या आणि रुग्णांचे रोज सकाळी वजन घेण्यासाठी एक चांगला काटा हेही लिहिले आहे, कारण एका रात्रीत वाढलेले एक किलो वजन म्हणजे शरीरात साठलेले जवळपास एक लिटर पाणी असते.