प्रोबायोटिक कॅप्सूल आणि सॅशे : पावसाळा ते उन्हाळा, माझा अनुभव

आधी निकाल सांगते. अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी पडावेत म्हणून घ्यायच्या जिवंत जंतूंचा, मला चांगला उपयोग झाला. रोजच्या गॅसवर आणि पोट फुगण्यावर फरक पडला, पण थोडाच. ‘पोटासाठी चांगलं असतं’ म्हणून बारा महिने घेत राहण्याची ही गोष्ट नाही, हे मत आता पक्कं झालंय.

राहायला लालबाग, नोकरी बीकेसीत. जेवणाच्या वेळांचं काही खरं नसतं, त्यामुळे पोटाची कुरकुर जुनीच. पावसाळ्यात दाताच्या इन्फेक्शनवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट हे अँटिबायोटिक सुरू झालं. या गोळीने माझे दरवेळी जुलाब ठरलेले, म्हणून डॉक्टरांनी सोबत सॅकरोमायसिस बौलार्डीचे सॅशे लिहून दिले. हे बॅक्टेरिया नाहीत, यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर काम करतं, यीस्टला धक्का लावत नाही, म्हणून त्या दिवसांत ते निवडतात. १९२० च्या दशकात इंडोचायनात ऑंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं होतं. मात्र फंगल इन्फेक्शनची गोळी, म्हणजे फ्लुकोनॅझोलसारखं काही चालू असेल, तर हे यीस्टच मरतं, म्हणजे सॅशे वाया. बॅक्टेरिया असलेलं प्रोबायोटिक असेल तर ते आणि अँटिबायोटिक यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, असंही डॉक्टरांनी सांगितलं. त्या कोर्सला मला जुलाब झाले नाहीत. एका माणसाच्या एका अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अँटिबायोटिकच्या जुलाबांसाठी प्रोबायोटिकचे पुरावे इतर तक्रारींपेक्षा खरोखरच बरे आहेत.

मग पोट फुगण्यासाठी कॅप्सूल सुरू केल्या, आणि खरा अभ्यास केमिस्टच्या काउंटरवर झाला. खोका हातात घेतलात की पुढची बाजू सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचते. तिथे फक्त ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहून भागत नाही. त्यापुढे प्रजाती आणि तिच्याही पुढे स्ट्रेनची, म्हणजे त्या प्रजातीतल्या नेमक्या उपप्रकाराची, अक्षरं किंवा आकडा हवा, उदाहरणार्थ ‘ऱ्हॅम्नोसस जीजी’. अभ्यास झालेले असतात ते त्या ठरावीक स्ट्रेनवर, तिच्या भावंडांवर नाही. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या गटाची वेगवेगळ्या नावांच्या गटांत विभागणी झाली, त्यामुळे तोच जीजी काही खोक्यांवर ‘लॅक्टिकेसीबॅसिलस’ या नावाने दिसतो. नवीन माल समजून जास्त पैसे मोजू नका.

दुसरी ओळ सीएफयूची, म्हणजे जिवंत जंतूंच्या मोजणीची. १० बिलियन म्हणजे १,००० कोटी जिवंत जंतू. पण हा आकडा बनवतानाचा की एक्स्पायरीपर्यंतचा? मला एका खोक्यावर ‘बनवतानाचा’ असं स्पष्ट लिहिलेलं आढळलं. ते मी परत केलं. एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये रोजच्या मात्रेला साधारण किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत. त्याहून कितीतरी मोठा आकडा दिसला म्हणजे गुण जास्त, असं मात्र नाही.

मुंबईत सगळ्यात मोठा शत्रू दमटपणा. हे जंतू सुकवून निद्रिस्त केलेले असतात. ओल आणि उष्णता मिळाली की पाकिटातच मरू लागतात. जुलैत एका डबीतली पावडर ओल्या मिठासारखी गठ्ठा होऊन बसली होती, चमचा खुपसावा लागला. तेव्हापासून मी एकेक गोळी वेगळी सीलबंद असलेली स्ट्रिपच घेते. खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलं असेल तर दुकानदाराने ते फ्रिजमधून काढून दिलं पाहिजे, आणि मे महिन्यात दुपारी डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेतून असा माल मागवण्यात अर्थ नाही. बॅसिलस क्लॉसीच्या छोट्या कुप्यांना ही अडचण कमी, कारण त्यात बीजाणू, म्हणजे जाड कवचातले निद्रिस्त जंतू असतात आणि ते साध्या तापमानाला टिकतात. शेजारच्या काकू सॅशे गरम दुधात ढवळत होत्या. त्यांना म्हटलं, काकू, दूध कोमट तरी होऊ द्या, नाहीतर उरणार काय? मी जेवणासोबत घेते, जेवणाने पोटातल्या आम्लाचा मारा जरा कमी होतो.

पहिल्या आठवड्यात गॅस उलट वाढला, नंतर बसला. पुढे फुगणं थोडं कमी झालं. पण मी खाण्याची नोंद ठेवत होते, आणि रात्रीचा कांदा-लसूण कमी केल्यावर जो आराम पडला तो कॅप्सूलपेक्षा स्पष्टच जास्त होता. डॉक्टरांमध्येही याबाबत एकमत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशन या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखणं-बिघडणं या आतड्याच्या तक्रारीसाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनापुरतं वापरावं असं म्हटलं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेचं म्हणणं, घ्यायचंच तर निदान चार आठवडे घेऊन परिणाम बघा. मला दुसरं पटतं: एकच प्रॉडक्ट, ठरावीक मुदत, फरक नाही तर बंद. उन्हाळा लागला तशी मी ती रोजची कॅप्सूल बंद केली. घरचं ताक चालूच आहे. त्यात कोणते जंतू किती, हे माहीत नसल्याने शास्त्रीय अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत, पण पोटाला ते मानवतं आणि खर्च नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. माझ्या मामांची केमो चालू होती. कोणीतरी प्रेमाने त्यांना हेच सॅशे आणून दिले. त्यांच्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात हे जिवंत जंतू रक्तात उतरू शकतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांपैकी प्रोबायोटिक दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिला. केमो, ट्रान्सप्लांट, आयसीयू, स्टिरॉइडचा मोठा डोस, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असलेला रुग्ण घरात असेल, तर बौलार्डीचं सॅशे त्याच्या खोलीत फोडूही नका. पावडर उडते, हाताला लागते आणि तिथून लाइनपर्यंत पोचू शकते.