नवा खाऱ्या पाण्यातला मासा आजारी: कॉपर, हायपो की टँक ट्रान्सफर?

नवा मासा घरी आणून तीन दिवस झाले. पराच्या कडेला दोन पांढरे ठिपके दिसतायत, खाणं अर्ध्यावर आलंय आणि तुमच्या हातात कॉपरची, म्हणजे तांब्याच्या औषधाची बाटली आहे. ती उघडण्याआधी घड्याळ घ्या आणि एक पूर्ण मिनिट माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मोजा. दिवा मंद ठेवून, जरा लांबून, मासा बिथरणार नाही अशा बेताने. आकडा वहीत लिहा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. प्रत्येक जातीचा श्वास वेगळा असतो, त्यामुळे एका वेळच्या आकड्यापेक्षा तो दिवसभरात किती चढला हे जास्त कामाचं. या आजारांची खूण अंगावर दिसते, पण मासे बहुतेक वेळा जातात ते कल्ले निकामी होऊन. म्हणून उपचार निवडताना मी ठिपक्यांआधी श्वास बघते.

पहिल्याच दिवशी मासा धापा टाकत असेल आणि अंगावर काहीच नसेल, तर आधी पाणी तपासा. प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो आणि साठलेला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे उघड्या पिशवीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणं माशाच्या जिवावर येतं. शिवाय बरीच दुकानं परजीवी दबून राहावेत म्हणून पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, कमी ठेवतात. कमी क्षारतेतून एकदम जास्त क्षारतेत गेलेला मासा दोन-तीन दिवसांनी ढासळतो आणि आपण आजार शोधत बसतो. क्वारंटाइन टँकची (नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टँकची) क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याइतकी करून ठेवली की हे दोन्ही प्रश्न मिटतात. मग ती रोज थोडी थोडी वाढवायची.

इक, व्हेल्व्हेट, ब्रूक की फ्लूक

चौघांची सुरुवात सारखीच दिसते: मासा अंग घासतो, पर मिटून ठेवतो, खाणं टाळतो. फरक पुढे दिसतो.

इक म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे. परजीवी माशावर साधारण ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाला जातो, तिथे कवच करतो आणि त्यातून पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. कवचात तो कधी ३ दिवस राहतो, कधी ४ आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त. म्हणूनच ठिपके एका रात्रीत नाहीसे होतात आणि माणूस निर्धास्त होतो. मासा बरा झालेला नसतो, परजीवी फक्त जागा बदलून बसलेला असतो. आठ-दहा दिवसांनी ठिपके पुन्हा येतात, तेव्हा दुपटीने.

व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलोउडिनियम, याहून खूप घाईचा. अंगावर बारीक पूड भुरभुरल्यासारखी दिसते. ती समोरून दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, तिरका धरला की सोनेरी-करडी झाक उमटते. बऱ्याचदा तेवढीही दिसत नाही, कारण हा आधी कल्ल्यांत शिरतो. मासा उजेड टाळतो, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभा राहतो आणि श्वास दोन दिवसांत भराभर चढतो. एका कवचातून २५६ पर्यंत नवे परजीवी सुटू शकतात. इकला आठवडा देता येतो, याला रात्रभराचाही वेळ देता येत नाही.

ब्रूक म्हणजे ब्रूकलिनेला. हा क्लाउनफिशना जास्त गाठतो, इतरांनाही होतो. यात ठिपके नसतात. आधी त्वचेवर पांढुरका चिकट थर चढतो, मग तो पापुद्र्यांनी सुटतो. माझ्याकडे आलेल्या क्लाउनफिशच्या पहिल्या जोडीला हाच झाला होता आणि मी त्याला इक समजून कॉपर दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मादीच्या पाठीवरून सायीसारखी पातळ पट्टी सुटून लोंबत होती, पंपाच्या हवेने हलत होती, आणि ती कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड लावून होती. दुपारपर्यंत ती गेली, नर दुसऱ्या दिवशी. ब्रूकवर कॉपर चालत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून क्लाउनफिशच्या अंगावर चिकट थर दिसला की मी कॉपरच्या बाटलीला हात लावत नाही.

फ्लूक म्हणजे चपट्या कृमी. त्या पारदर्शक असतात, त्यामुळे माशावर दिसतच नाहीत. मासा एकाच बाजूने अंग घासतो, डोळे धुरकट होतात. एकच डोळा धुरकट असेल तर बहुतेक वेळा जाळीचा किंवा दगडाचा मार असतो. दोन्ही असतील तर फ्लूकचा संशय घ्या.

क्रोमिससारख्या माशांच्या कुशीवर लाल, सोललेली जखम दिसली तर तो बहुतेक युरोनेमा. त्यावरही कॉपर चालत नाही आणि मासा वाचण्याची आशा कमीच. परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी असतील आणि मासा नीट खात असेल, तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. त्याला औषध नाही आणि सहसा लागतही नाही. चांगलं खाणं आणि स्वच्छ पाणी दिलं की गाठी हळूहळू जातात.

गोड्या पाण्याची डुबकी: उपचारापेक्षा तपासणी

आजार ओळखता येत नसेल तर हाच माझा पहिला मार्ग. क्लोरीन काढलेलं गोडं पाणी घ्या. तापमान आणि पीएच टँकइतके करा, एअरस्टोन अर्धा तास आधीच सुरू करा. मासा ५ मिनिटं त्यात ठेवायचा आणि नजर हटवायची नाही. पहिल्या मिनिटात तो आडवा पडून घाबरवतो, मग सावरतो. सावरला नाही तर लगेच बाहेर काढा.

भांडं काळं असावं, हे मी आवर्जून सांगते. एका छोट्या एंजलफिशला काळ्या बादलीत डुबकी दिली होती. दुसऱ्या मिनिटाला तिच्या पोटावर, आधी काहीच नव्हतं तिथे, लंबगोल पांढरे डाग उमटले. तिसऱ्या मिनिटाला ते एकेक करून सुटले आणि बादलीच्या तळाशी स्वच्छ दिसले, काही अजून वळवळत होते. फ्लूक गोड्या पाण्यात अपारदर्शक होऊन गळतात, त्यामुळे निदान तिथेच होतं. व्हेल्व्हेटमध्येही डुबकीने कल्ल्यांवरचा भार काहीसा उतरतो आणि थोडी सवड मिळते. इकवर तिचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तो परजीवी त्वचेखाली रुतलेला असतो. डुबकीने कुठलाच आजार पुरा बरा होत नाही.

तीन मोठे मार्ग

तिन्ही वेगळ्या टँकमध्येच करायचे. मुख्य टँकमध्ये कॉपर टाकलं तर कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. शिवाय लाइव्ह रॉक (जिवाणूंनी वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे त्याचं प्रमाण कधीच स्थिर राहत नाही. उपचाराच्या टँकमध्ये मोकळा तळ, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हीटर, हवा, स्पंज फिल्टर. एवढं पुरतं.

कॉपर हा इक आणि व्हेल्व्हेट दोन्हींवर चालणारा मार्ग आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं बळ हेच. श्वास चढलाय, पण इक की व्हेल्व्हेट हे ठरत नाही, अशा वेळी मी कॉपरच निवडते. मात्र ते कसं मारतं हे समजून घ्या. माशावर बसलेल्या किंवा कवचातल्या परजीवीला ते हात लावत नाही, फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारतं. म्हणून प्रमाण एक दिवस जरी घसरलं तरी त्या दिवशी सुटलेली पिल्लं माशापर्यंत पोचतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. उपचार ३० दिवसांचा. किंवा पूर्ण प्रमाणात १४ दिवस ठेवून मासा दुसऱ्या स्वच्छ टँकमध्ये हलवायचा.

इथे सर्वाधिक चुका मोजमापात होतात. आयनिक कॉपरचं लक्ष्य लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, चिलेटेडचं (दुसऱ्या रेणूंशी बांधलेल्या कॉपरचं) उत्पादनानुसार १.५ ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासा मरतो, नाहीतर परजीवी जगतो. टेस्ट किटही त्याच प्रकारच्या कॉपरला चालणारा हवा. टँकच्या मापावरून नव्हे, प्रत्यक्ष ओतलेल्या पाण्याच्या लिटरवरून हिशेब करा. प्रमाण दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवा. व्हेल्व्हेटची खात्री असेल तर त्याहून लवकर. बदलायच्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून ठेवा. फिल्टरमधला कार्बन काढून टाका. अमोनिया बांधणारी रसायनं कॉपरसोबत वापरू नका, त्यांतल्या काहींमुळे कॉपर एकदम जास्त विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदला, दुसरा आडमार्ग नाही. मँडरिन, लायनफिश आणि काही छोटे एंजल कॉपरला नाजूक असतात, आणि बरेच मासे पहिले काही दिवस खाणं कमी करतात.

हायपो, म्हणजे क्षारता कमी करून पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवणं, माशाला सगळ्यात सौम्य. मासा खातो, अंगावर औषधाचा ताण नाही. उतरवायला दोन दिवस, शेवटचा ठिपका गेल्यावर चार आठवडे तिथेच, आणि परत चढवायला किमान आठवडा. पण १.००९ म्हणजे १.००९. पाणी उडून आकडा १.०११ वर गेला की सगळी मेहनत वाया जाऊ शकते. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) नीट जुळवलेला नसेल तर या वाटेला जाऊच नका. पीएचही खाली सरकतो, त्यावर लक्ष हवं. आणि व्हेल्व्हेटला कमी क्षारता सोसते, म्हणून हायपो फक्त इकसाठी, तोही खात्रीचा असेल तरच. इकचेही काही वाण कमी क्षारता सोसतात. चढलेल्या श्वासाच्या माशाला हायपोमध्ये ठेवणं मला पटत नाही.

टँक ट्रान्सफरमध्ये औषधच नाही. दोन टँक किंवा दोन बादल्या, दोन्हींचं सामान वेगळं. दर ७२ तासांच्या आत मासा नव्या पाण्यात हलवायचा, असे चार बदल, म्हणजे १२ दिवस. मासा जो परजीवी गाळतो तो कवचातून फुटण्याआधीच मागे राहतो. प्रत्येक वेळी रिकाम्या टँकमधलं सगळं धुऊन पूर्ण वाळवायचं. अमोनिया साठायला वेळच मिळत नाही, हा मोठा फायदा. फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध याच काळात दोनदा देता येतं. त्याने अंडी मरत नाहीत, म्हणून दुसरा डोस लागतोच. तोटा हा की व्हेल्व्हेटवर हा मार्ग चालत नाही, आणि दर तीन दिवसांनी त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं पाणी तयार हवं. कामामुळे एकही दिवस चुकण्याची शक्यता असेल तर कॉपर घ्या.

क्लोरोक्विन फॉस्फेट इक आणि व्हेल्व्हेट दोन्हींवर चालतं, पण घरी मोजायची सोय नसते. पाण्यात किती उरलंय हे कळत नसेल तर मी ते वापरत नाही. ब्रूकला फॉर्मेलिनचं स्नान लागतं. ते हवेशीर जागी, हातमोजे घालून, जोराची हवा सोडून, बाटलीवरच्या प्रमाणातच. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे आणि पाण्यातला ऑक्सिजन घटवतं.

मँडरिनला इक झाला तर मी टँक ट्रान्सफर करीन. टँगला झाला आणि श्वास शांत असेल तरीही कॉपरच, कारण टँगमध्ये व्हेल्व्हेट मागोमाग निघाला तर बदलायला वेळ उरत नाही. चिकट थराचा क्लाउनफिश थेट फॉर्मेलिनकडे. नुसतं अंग घासणारा, नीट खाणारा एंजल आधी डुबकीकडे, मग प्राझिक्वांटेल.

हे सगळं करत असताना मुख्य टँकचं काय, हा प्रश्न राहतो. आजारी मासा तिथे एक दिवस जरी राहिला असेल तर तळाला कवचं आहेत असंच धरा. बाकीचे मासेही बाहेर काढून त्यांच्यावर तोच उपचार करावा लागतो आणि टँक माशांविना ठेवावा लागतो. इकसाठी सर्वसाधारणपणे ७६ दिवस मोजले जातात. कोरल आणि कोळंब्या तिथेच राहू शकतात, परजीवी त्यांच्यावर जगत नाही. त्या काळात जाळी, बादली, हात, काहीही क्वारंटाइन टँकमधून तिथे ओलं आणू नका. जाळीच्या कोपऱ्यातल्या एका थेंबाने ७६ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.