निरोपाच्या कार्डासाठी हातकागद: भर पावसात वापरून पाहिलेला

आमच्या हिशेब विभागातल्या बाईंची काणकोणला बदली झाली आणि कार्ड करायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी पणजीत अठरा जून रस्त्यालगतच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून हातकागद घेतला. फिकट पांढरा, 250 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन 250 ग्रॅम, म्हणजे चांगलाच जाड), कडा न कापलेल्या. पुण्यात 1940 सालापासून हातकागद संस्था आहे, तिथे कापसाच्या चिंध्यांपासून बनतो तसलाच हा कागद. हाताला लागताच कळतं की लगद्यात लाकूड नाही.

गोव्यातल्या पावसात कुठलाही कागद सादळतो. साधा कार्डशीट टेबलावर रात्रभर राहिला तर सकाळी कोपरे वर आलेले असतात. हा सादळतो, पण जाड फायलींखाली ठेवला की पुन्हा सरळ होतो, आणि त्याची घडी टिकते. मात्र घडी थेट हातानं घालू नका, धागे फुटून वर येतात. पट्टी लावून रिकाम्या बॉलपेननं आधी रेघ दाबून घ्या, मग दुमडा. एवढं केलं तर कडा सुरेख बसते.

समोर मी बेतीची फेरीबोट काढली. बाई रोज तिनंच मांडवी ओलांडून यायच्या, पर्स छातीशी धरून कठड्याला टेकलेल्या. जलरंग कागदात छान मुरले, पाण्याचा निळा थर तर माझ्या अपेक्षेपेक्षा मऊ उतरला. पण रंग द्यायच्या आधी कागदाच्या चारी बाजू पाटीवर चिकटपट्टीनं लावून घ्या, नाहीतर लाटा येतात. पावसाळ्यात तो पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा, घाई करू नये. चित्र कापून चिकटवायचं असेल तर पातळ गोंद नको, काडीचा गोंद घ्या.

आतल्या पानांवर सगळ्यांना लिहायचं होतं आणि तिथेच या कागदाची खरी अडचण आहे. जेल पेनची शाई फुटते, फाउंटन पेनची तर धाग्याधाग्यानं पसरते. बॉलपेन उत्तम चालतो. शिपाईकाकांनी ठसठशीत अक्षरात ‘देव बरें करूं’ लिहिलं, ते सगळ्यांत स्वच्छ उमटलं. लिहिणारे जास्त असतील तर आत साध्या गुळगुळीत कागदाचं एक पान शिवून घालावं, त्यात कमीपणा काही नाही.

त्याच दुकानात फुलांच्या पाकळ्या घातलेला प्रकारही मिळतो. दिसायला देखणा, पण पेनचं टोक पाकळीत अडकतं. लिहायला तो घेऊ नका, पाकिटाला घ्या. तयार पाकीट या मापाचं मिळत नाही, ते घरीच करावं लागेल. किंमत कार्डशीटच्या कितीतरी पट आहे, तरी ज्या बाईंनी आमच्या प्रत्येकाचा प्रवासभत्ता वेळेत काढून दिला त्यांच्यासाठी मला ती योग्य वाटली. दुकानदाराला आधी सांगा, मोठ्या तावातून हव्या त्या मापाला फाडून देतो. कात्रीनं कापू मात्र देऊ नका, न कापलेली कडाच या कागदाची शोभा आहे.