मज्जारज्जूतल्या दोन वाटा: मागची आणि बाजूची

सांगलीत कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या अंधारातही न चाचपडता उतरता येतात. पाय कुठे, गुडघा किती वाकलाय, ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभांतून वर जाते. हलका स्पर्श आणि कंपनही याच वाटेने. तंतू जाड, मायलिनचं आवरण असलेले, म्हणून चपळ.

हळद शिजवताना तापलेल्या काहिलीला बोट लागलं, तर चटका पोचवते दुसरी, बाजूची वाट, स्पायनोथॅलॅमिक. वेदना नि तापमान तिचं खातं. आधी झटक्यात कळ येते, मग रेंगाळणारी आग. ही आग आणणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम 0.5 ते 2 मीटर चालतात. (हात मागे खेचला जातो तो मेंदूला न विचारताच.)

मिरजेत मेडिकलची पोरं वेगाचे आकडे घोकतात. माझ्या मते खरी मेख आहे ती कुठली वाट डावी-उजवी बाजू कुठे बदलते यात. मागची वाट त्याच बाजूने थेट लंबमज्जेपर्यंत (मेंदूचा सगळ्यात खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग) चढते आणि तिथे पलीकडे ओलांडते. दुसरी मज्जारज्जूतच, एक-दोन खंडांत पलीकडे जाते. म्हणून पाठीत उजवी अर्धी मज्जारज्जू कापली गेली, तर उजव्या घोट्यावर ठेवलेल्या 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर कळत नाही, आणि डाव्या पायाला टाचणी बोचत नाही!

बी-12 कमी पडलं की मार प्रामुख्याने मागच्या वाटेवर. असा माणूस तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडतो, चटका मात्र त्याला नीट कळतो.