जमोवी: समाजशास्त्राच्या वर्गात सारणी वाचायला शिकवताना

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सूत्रं पाठ होण्याआधी एक साधी दुहेरी सारणी (एका गोष्टीचे गट ओळींत, दुसरीचे स्तंभांत) नीट वाचता यायला हवी. या कामासाठी जमोवी हे मोफत सॉफ्टवेअर आम्हाला एसपीएसएस या प्रचलित संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरपेक्षा सरस वाटतं. आतलं गणित ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा करते, विद्यार्थ्याला मात्र कोड लिहावा लागत नाही आणि पर्याय बदलला की शेजारचा निकाल लगेच बदलतो.

त्याची ताकद पाहायला बर्कली विद्यापीठाच्या 1973च्या पदव्युत्तर प्रवेशांचे आकडे घ्या. विभाग, लिंग, निकाल आणि संख्या असे चार स्तंभ केले की सहा मोठे विभाग 24 ओळींत बसतात. ‘फ्रिक्वेन्सीज’मधल्या ‘इंडिपेंडंट सॅम्पल्स’मध्ये लिंग ओळींत, निकाल स्तंभांत आणि संख्या ‘काउंट्स’मध्ये टाका. ‘काउंट्स’ रिकामं राहिलं तर अर्जांऐवजी ओळीच मोजल्या जातात आणि प्रत्येक घरात नुसते 6 दिसतात. ही चूक वर्गात हमखास होते. ‘सेल्स’मध्ये ओळीची टक्केवारी निवडली की पुरुषांपैकी 44.5% आणि स्त्रियांपैकी 30.4% अर्जदारांना प्रवेश मिळालेला दिसतो. आता विभाग ‘लेयर्स’मध्ये ओढा, म्हणजे प्रत्येक विभागाचे आकडे वेगळे दिसतात. 6 पैकी 4 विभागांत स्त्रियांचंच प्रमाण जास्त निघतं, पहिल्या विभागात तर 82 विरुद्ध 62 टक्के! कारणही त्याच सारणीत आहे: स्त्रियांचे बरेचसे अर्ज मुळातच कमी प्रवेश देणाऱ्या विभागांकडे गेले होते. तिसरा चल (इथे विभाग) काय करू शकतो, हे इतक्या झटपट दाखवणारं साधन मोलाचं आहे.

उणीव नेमकी इथेच आहे. स्तंभाची टक्केवारी निवडली तर ‘प्रवेश मिळालेल्यांत 68% पुरुष’ असं उत्तर येतं. ते खरंच आहे, पण प्रश्न वेगळा आहे, आणि सॉफ्टवेअर टोकत नाही. म्हणून माउसला हात लावण्याआधी ‘कोणापैकी किती टक्के?’ हे पूर्ण वाक्य वहीत लिहून घ्यावं.

दुसरी खोट मूळ मांडणीची. सुरुवातीला टक्केवारी बंद असते आणि काय-वर्ग या संबंध तपासणाऱ्या चाचणीचं पी-मूल्य (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) समोर असतं. इथे ते 0.001 हूनही कमी, त्यामुळे विद्यार्थी ‘संबंध फार घट्ट’ असं लिहून मोकळे होतात. संबंध किती घट्ट हे 0 ते 1 मध्ये सांगणारा क्रेमरचा व्ही ‘स्टॅटिस्टिक्स’मधून मागवावा लागतो, तो जेमतेम 0.14 आहे. पी लहान होण्यात 4,526 अर्जांच्या मोठ्या संख्येचा वाटा आहे, हे शिक्षकांनीच सांगायचं.

सर्वेक्षणाची फाइल उघडल्यावर आधी ‘सेटअप’मध्ये जाऊन ‘उत्तर नाही’साठीचे 99 सारखे संकेतांक गहाळ मूल्यं म्हणून नोंदवा, नाहीतर सरासरी फुगते. आणि विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या ओएमव्ही (जमोवीच्या स्वतःच्या) फाइलमध्ये निकालासोबत सगळी माहितीही असते. तपासताना त्याची सोय होते, पण प्रतिसादकांची नावं आणि फोन नंबर आधीच काढून टाका.