विश्वकोश की विकिपीडिया?

सोलापुरातल्या साखर पेठेतली भाची विचारते, "मामा, रोज रात्री दोन पानं वाचायचीत. मराठी विश्वकोश वाचू की विकिपीडिया?"

पैशाचं सोडा, दोन्ही मोबाईलवर फुकट. भरवशात विश्वकोश पुढे: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून घडवलेला, पहिला खंड १९७६चा, नोंदीखाली लेखकाचं नाव. भाषा मात्र आपल्या कडक भाकरीसारखी, चावून खावी लागते. शिवाय २००६च्या आधी छापलेल्या खंडांत प्लुटो अजून ग्रहच! विकिपीडिया ताजा, पण कुणीही बदलावा. मराठीतले बरेच लेख दोन ओळींत आटोपतात. आपल्या चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख, १२ जानेवारी १९३१, तिथे दिसली तरी मी तळाचे संदर्भ बघतोच.

इतिहास, भाषा, समाज निवांत वाचायचाय तर विश्वकोश. विज्ञानातलं नवं काही झटपट हवं तर विकिपीडिया.