इंडीकारचा अख्खा सीझन पाहिला: मे महिना मन भरून, बाकीचं वर्ष जीव टांगणीला

इंडीकार म्हणजे अमेरिकेतली मोटार शर्यतींची मालिका. 2025 च्या 2 मार्चला फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला पहिला हिरवा झेंडा पडला आणि 31 ऑगस्टला नॅशव्हिलला सीझन संपला. सहा महिन्यांत 17 शर्यती झाल्या. त्यातल्या पाच मी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या, उरलेल्या बारा घरी टीव्हीवर. इंडियानापोलिसजवळ राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, पण इतकी वर्षं मीही इथल्या बहुतेकांसारखाच होतो: मे महिन्यात इंडी 500 ला, म्हणजे इथल्या पाचशे मैलांच्या शर्यतीला जायचं, जूनपासून विसरून जायचं. यंदा ठरवलं की एकही शर्यत सोडायची नाही. कारणही तसंच होतं. फॉक्सने पहिल्यांदाच सगळ्या शर्यती आपल्या मुख्य वाहिनीवर दाखवल्या. घरावर साधा अँटेना असला तरी पुरे, वेगळी वर्गणी नको.

आधी सांगतो की मैदानावरची शर्यत अजूनही पैसे वसूल करणारी आहे. चाकणला माझा मावसभाऊ असतो, पक्का फॉर्म्युला वनवाला. 25 मेला तिकडे रात्री सव्वादहाला शर्यत सुरू व्हायची होती, पाऊस भुरभुरला म्हणून आणखी अर्ध्या-पाऊण तासाने झाली. तेवढ्यात त्याचा फोन आला. "दादा, आठशे किलोमीटर नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात बघायचं काय?" मी तिसऱ्या वळणाच्या स्टँडमध्ये बसलो होतो. म्हटलं, थांब, फोन तसाच चालू ठेवतो. गाड्या पहिल्यांदा पूर्ण वेगाने समोरून गेल्या. आधी आवाज, मग पायाखालच्या पत्र्याची थरथर, मग गरम हवेचा झोत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "परत येतील ना आता?" चाळीसेक सेकंदांत आल्या.

त्या दिवशी स्टँडमध्ये एक खुर्ची रिकामी नव्हती. सगळ्या जागा आधीच विकल्या गेल्या म्हणून शहरात टीव्हीवर शर्यत थेट दाखवायला असलेली बंदीसुद्धा उठवली होती. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं, आपापले कूलर घेऊन आलेली. आमच्या डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू होते. शेजारचे आजोबा दर वर्षी त्याच खुर्चीवर बसतात. त्यांनी लाडू घेतला आणि शेवटच्या दहा-बारा फेऱ्यांत काय होईल ते आधीच सांगून ठेवलं. झालंही तसंच. ॲलेक्स पालोने शेवटून चौदाव्या फेरीत मार्कस एरिक्सनला पहिल्या वळणावर गाठलं, आणि पुढे मागे पडलेल्या दोन गाड्यांच्या पाठीला चिकटून राहिला. त्या गाड्या हवा कापत होत्या म्हणून पालोचा वेग टिकला, आणि तिघांची ढवळलेली हवा मागच्या एरिक्सनला जवळ येऊ देईना. इंडी 500 जिंकणारा पालो पहिला स्पॅनिश ड्रायव्हर ठरला. टीव्हीवर सत्तर लाखांवर लोकांनी ही शर्यत पाहिली. 2008 नंतर एवढा आकडा कधी आला नव्हता.

आता दुसरी बाजू. जुलैत आम्ही सात तास गाडी चालवून आयोवाला गेलो. न्यूटन नावाचं छोटं गाव, मक्याची शेतं आणि मधोमध एक मैलाहूनही लहान ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक. दोन-तीन वर्षांपूर्वी इथे मोठमोठ्या गायकांचे कार्यक्रम व्हायचे, स्टँड भरायचे. मुख्य प्रायोजकाने हात काढून घेतला आणि ते सगळं गेलं. शनिवारी पाटो ओ'वर्ड जिंकला, रविवारी पालो. शर्यती वाईट नव्हत्या. पण माझ्या पुढच्या तीन रांगांत मिळून सात माणसं होती, मी मोजली. गाड्या समोरून गेल्या की मागच्या रिकाम्या पत्र्यांवरून आवाज परत यायचा. मे महिन्यातला तोच आवाज, पण अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. 2026 च्या वेळापत्रकात आयोवा नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. हा खेळ एका दिवसावर उभा आहे. मेमध्ये सत्तर लाख आणि इतर कित्येक शर्यतींना दहा लाखसुद्धा प्रेक्षक नाहीत, ही दरी फॉक्सच्या पहिल्या वर्षात बुजली नाही. फॉक्सने मेहनत घेतली, हे मान्य. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने ड्रायव्हरांच्या जाहिराती दाखवल्या, आणि जुलैच्या अखेरीस तर इंडीकार आणि इंडियानापोलिसचं मैदान ज्या कंपनीकडे आहे, त्या पेन्स्की एंटरटेनमेंटचा एक तृतीयांश हिस्सा विकत घेतला. पैसा गुंतला की माणूस लक्ष घालतो, म्हणून मला ही बातमी चांगली वाटली. मात्र टीव्हीवाल्यांना शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यती आवडतात, कारण शहर स्वतःहून गर्दी आणि प्रायोजक आणतं. 2026 च्या वेळापत्रकात टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला तशी नवी शर्यत आहे. होऊ दे. फक्त तिच्या बदल्यात ओव्हल जायला नको. फीनिक्सचा ओव्हल परत येतोय आणि मिलवॉकीला दोन शर्यती दिल्यात, म्हणून संख्या तूर्त सहावर टिकली आहे. आयोवा गेल्याचं दुःख त्याने कमी होत नाही, पण धीर येतो.

जुने चाहते ओव्हलचं नाव काढलं की हळवे का होतात, हे मला मिलवॉकीला कळलं. 1903 पासून तिथे शर्यती होतात. एक मैलाचा, जवळजवळ सपाट ट्रॅक. 24 ऑगस्टला पालो सगळ्यांना मागे टाकून निघाला होता. मग हलकी सर आली, पिवळा झेंडा लागला, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करावा लागला, आणि ख्रिश्चन रासमुसेन नावाचा डेन्मार्कचा पोरगा पिटमध्ये येऊन ताजे टायर घालून गेला. त्यानंतर तो जिथून गाडी चालवत होता, तिथून कोणी जात नव्हतं. भिंतीपासून हातभर अंतरावर, गाडीचा मागचा भाग सुटतोय आणि तो स्टिअरिंगने सावरतोय, हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. शेवटच्या फेऱ्यांत त्याने पालोला गाठलं तेव्हा अख्खा स्टँड उभा. त्याच्या कारकिर्दीतला तो पहिला विजय. मी खेड तालुक्यातला, बैलगाड्याचे घाट पाहत वाढलो. घाटाच्या कडेला उभ्या माणसाला गाडा कोणाचा याची फिकीर नसते, धावला कसा यावर तो टोपी उडवतो. मिलवॉकीला तशी दाद मिळत होती.

गाडीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. आज धावणारी डलारा कंपनीची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, 2012 सालची आहे. 2011 मध्ये लास व्हेगसच्या शर्यतीत जीव गमावलेला ड्रायव्हर डॅन व्हेल्डन याने ती तयार होताना तपासली होती, म्हणून तिला त्याचं नाव. तिने अनेकांचे जीव वाचवले, त्याबद्दल ऋण आहेच. पण 2020 मध्ये ड्रायव्हरच्या डोक्यापुढे एरोस्क्रीन ही संरक्षक काच आली, जुलै 2024 मध्ये मिड-ओहायोला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये हायब्रिड यंत्रणा बसली, आणि दर वेळी जुन्याच सांगाड्यावर वजन चढत गेलं. एकट्या हायब्रिडचं वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. बदल्यात साठेक अश्वशक्ती मिळते, तीही काही क्षणांपुरती. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असल्याने ती झटकन भरते, झटकन रिकामी होते. रस्त्याच्या शर्यतीत ड्रायव्हर ती कधी वापरतो हे पाहायला मजा येते. लहान ओव्हलवर मात्र जड गाडी टायर खाते आणि मागची गाडी पुढच्याच्या हवेत अडकून पडते. इंडी 500 मध्येसुद्धा लांबच लांब माळ लागते, कोणी पुढे येऊन हवा कापायला तयार नसतं, सगळे इंधन वाचवत बसतात. नवी गाडी आणि 2.4 लिटरचं इंजिन आधी 2027 ला येणार होतं, आता 2028 सांगतात. उशीर चालेल, पण ती हलकी असू दे आणि एकमेकांच्या मागे धावू दे, एवढंच मागणं आहे.

इंजिनं देणाऱ्या कंपन्या दोनच, शेवर्ले आणि होंडा. होंडाने 2023 च्या अखेरीस खर्चाबद्दल उघड नाराजी दाखवली होती आणि तेव्हाचा करार 2026 अखेरपर्यंतचा होता. निम्म्या गाड्यांना इंजिन देणारा गेला तर काय, हा प्रश्न यंदा प्रत्येक स्टँडमध्ये कोणी ना कोणी मला विचारला.

मग मालकीचा प्रश्न. रॉजर पेन्स्की यांनी जानेवारी 2020 मध्ये मैदान आणि मालिका ताब्यात घेतली. लगेच कोविड आला, 500 ऑगस्टमध्ये प्रेक्षकांविना झाली, तरी त्यांनी हे सगळं तगवलं, मैदान लखलखीत ठेवलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांचा स्वतःचा संघही याच मालिकेत धावतो. 2024 मध्ये 'पुश टू पास'चा, म्हणजे बटण दाबून थोडा वेळ जादा ताकद मिळवायच्या सोयीचा, नियमबाह्य वापर झाल्याने जोसेफ न्यूगार्डनचा सेंट पीटर्सबर्गचा विजय काढून घेतला. यंदा इंडी 500 ची पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुटायची जागा, ठरवण्याच्या दिवशी न्यूगार्डन आणि विल पॉवर यांच्या गाड्यांच्या मागच्या अटेन्युएटरमध्ये, म्हणजे धडक शोषणाऱ्या भागात, नियमाबाहेरचा फेरफार सापडला. दोघांना सगळ्यात मागे उभं केलं, आणि पेन्स्कींनी संघातले तीन मोठे अधिकारी काढले. शिक्षा कडक होती. तरी मैदानाचा मालक, मालिकेचा मालक आणि संघाचा मालक एकच असला की खरा निकालसुद्धा लोक संशयाने बघतात. कुंपणच शेत खातंय का, ही शंका एकदा मनात शिरली की निघत नाही. स्वतंत्र पंचव्यवस्था आणायचं काम सुरू असल्याचं 2025 मध्ये सांगितलं होतं. ती पुढच्या सीझनच्या पहिल्या शर्यतीपासून हवी.

इथले जुने लोक एवढे धास्तावलेले का, हे 1996 माहीत नसेल तर कळत नाही. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या मैदानाचे तेव्हाचे प्रमुख टोनी जॉर्ज यांनी इंडी रेसिंग लीग सुरू केली आणि 500 च्या 33 पैकी 25 जागा आपल्या मालिकेतल्या गाड्यांना राखून ठेवल्या. कार्ट या आधीच्या मालिकेतल्या मोठ्या संघांनी त्याच दिवशी मिशिगनला वेगळी शर्यत भरवली. भावकीच्या वादात जमीन पडीक राहते तसं झालं. बारा वर्षांनी, 2008 मध्ये दोन्ही घरं एक झाली, तोवर प्रेक्षक नॅसकार या दुसऱ्या शर्यत मालिकेकडे गेले होते. म्हणून आता 25 चार्टर, म्हणजे ठरावीक संघांच्या हक्काच्या जागा, हे शब्द ऐकले की आमच्या स्टँडमधले आजोबा गप्प होतात. 500 ला हा हक्क लागू नाही, हे चांगलं. यंदा 34 गाड्या आल्या, एकाला घरी जावं लागलं, आणि चार्टर नसलेल्या नव्या प्रेमा संघाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमनने पहिल्याच वर्षी ताशी साधारण 374 किलोमीटरच्या सरासरीने पोल घेतली. 1983 नंतर पदार्पणात अशी पोल कोणी घेतली नव्हती. ते दार उघडं राहिलं पाहिजे.

पालो आठ शर्यती जिंकून दोन शर्यती बाकी असतानाच मालिकेचा विजेता ठरला. शेवटी शेवटी चुरस राहिली नाही अशी तक्रार होते, मला ती पटत नाही. इतकं चांगलं चालवणारा माणूस पाहायला मिळाला, हे भाग्य. कोल्टन हेर्टा हा इथला ड्रायव्हर मात्र फॉर्म्युला वनच्या वाटेने चालला, त्याचं वाईट वाटतं. पोरं इथून जायची स्वप्नं पाहतात, इथे यायची कमी.

पाचपैकी किती तारे? शर्यतींना साडेचार, टीव्हीला चार, गाडीला तीन, कारभाराला अडीच. नव्याने पाहणाऱ्याने इंडी 500 पासून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये. गेटवे, मिलवॉकी, नॅशव्हिल या ओव्हलपैकी एक तरी जाऊन पाहावा. तिकिटं स्वस्त असतात आणि पिटमध्ये ड्रायव्हर हातभर अंतरावर भेटतात.

मेची तिकिटं मी जूनमध्येच रिन्यू केली, त्याच खुर्च्या. मावसभाऊ आणि वहिनी येतायत, व्हिसाच्या तारखेसाठी त्यांची धावपळ चालू आहे. मिलवॉकीची विक्री सुरू झाली की दोन्ही दिवसांची चार-चार तिकिटं घेणार आहे.